बागा दाखवता, तसं पाणीही दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पुण्यातल्या पाहण्याजोग्या बागांची यादी वाचली. सारसबाग, एम्प्रेस गार्डन, बंड गार्डन, सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान. निवडीबद्दल तक्रार नाही. तिकीट, पार्किंग, भेळ कुठे बरी मिळते, सगळं व्यवस्थित दिलं आहे. सुटलं ते एवढंच, की या बागांना पाणी कुठून आलं, यावर एक ओळसुद्धा नाही.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. त्यामुळे कुठल्याही बागेत शिरलो की फुलांआधी नजर पाटाकडे जाते. घरचे याला खोड म्हणतात. असेल. पण पुण्याच्या जुन्या बागा पाण्याचा माग काढल्याशिवाय कळत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

सारसबागेचंच घ्या. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याचं पाणी घेऊन तळं केलं, सुमारे २५ एकरांचं, आणि मधोमध बेट राखलं. त्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, गणपतीची स्थापना झाली. तळं गेलं, नाव राहिलं: तळ्यातला गणपती. (थंडीत त्याला स्वेटर आणि कानटोपी घालतात, हे आपल्या पुरवणीत आलं ते बरं झालं. पुणेकरांना त्याचीच जास्त माहिती असते.) आज हिरवळीवर सतरंजी पसरून आपण डबे उघडतो, तो त्या तळ्याचा तळ आहे. देवळाकडे चढून जातो, ते जुनं बेट. एवढं कळलं की बागेचा उंचसखलपणा लगेच उमगतो. पण हे सांगणारा ठळक फलक बागेत माझ्या तरी नजरेला पडलेला नाही.

त्याच नानासाहेबांनी १७५० च्या सुमारास कात्रजला हाच आंबिल ओढा अडवला आणि तिथून दगडी बांधणीच्या भुयारी नळाने शहरात पाणी आणलं. वाटेत ठरावीक अंतरावर हवेसाठी उच्छ्वास, शहरात हौद आणि शेवटी शनिवारवाडा. वाड्याच्या बागेतलं सोळा पाकळ्यांच्या कमळाचं हजारी कारंजं याच पाण्यावर उडायचं. पंप नाही, वीज नाही. कात्रज उंचावर, वाडा सखल, तेवढंच भांडवल. आमच्या खात्यात याला ‘हेड’ म्हणतात. नळात गाळ साचू न देता आणि उतार कुठेही चुकू न देता एवढ्या लांबून पाणी आणणं हे कोणत्याही इंजिनिअरने टोपी काढावी असं काम आहे. आपले लोक श्रीनगरला जाऊन जहांगीराने १६१९ मध्ये वसवलेली शालिमार बाग पाहतात, डोंगराचं पाणी टप्प्याटप्प्याने कसं उतरवलंय ते गाइडकडून ऐकतात आणि ‘वा’ म्हणतात. शनिवारवाड्यात तेच लोक कारंज्याच्या काठावर बसून मोबाइल चार्जिंगला कुठे लावता येईल ते शोधतात.

हे निव्वळ जुन्याचं कौतुक समजू नका. मी राहतो त्या सहकारनगर-अरण्येश्वरच्या भागात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच आंबिल ओढ्याला पूर आला आणि माणसं वाहून गेली. आपल्या दारावरून ओढा जातो म्हणजे काय, तो कुठून येतो, पूर्वी कुठे वळवला होता, हे दुसऱ्या दिवशी लोक एकमेकांना विचारत होते. सारसबागेत दर रविवारी शेकड्यांनी माणसं येतात. तिथे एका भिंतीवर ओढ्याचा नकाशा असता, तर निदान प्रश्न तरी आधी पडले असते.

इंग्रजांच्या बागांचीही तीच गोष्ट. मुळा-मुठेवर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून बांध झाला, त्याच्या काठावर बंड गार्डन झालं. शेजारी १८६९ चा फिट्झगेराल्ड पूल आहे, त्याच्या टोकांचे दगडी सिंह मुलांना आवडतात. आता नदीच्या वासामुळे तिथे फार वेळ थांबवत नाही, म्हणून मीही थांबत नाही. एम्प्रेस गार्डन मात्र सवडीने पाहावं. पूर्वीचं ते सोल्जर्स गार्डन, पुढे व्हिक्टोरिया राणीच्या ‘एम्प्रेस’ या किताबावरून नाव बदललं. सुमारे ३९ एकर आहे आणि ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था ते सांभाळते. जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला तोबा गर्दी असते. मी म्हणेन, एरवीच्या दिवशी जा आणि मांडीएवढ्या जाड वेली झाडांवर कशा चढल्यात ते बघा. खडकवासल्याचा कालवा शहराला वळसा घालून या बागेजवळून हडपसरकडे जातो. कालव्याशेजारची जमीन उन्हाळ्यातही आतून ओली राहते, आणि जुन्या झाडांना त्याहून जास्त काही लागत नाही.

शेवटी पु. ल. देशपांडे उद्यान. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं हे १० एकरांचं उद्यान २००६ मध्ये खुलं झालं. मूळची बाग इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ मध्ये सुरू केली, ती १७०० मध्ये पुरी झाली. जपानी आखणीत पाणी हाच बागेचा कणा, आणि इथे ते कालव्यातून घेऊन बागभर खेळवलं आहे. मागे नातीला घेऊन गेलो होतो. वरच्या अंगाला तिला एक वाळकं पान पाण्यात सोडायला सांगितलं आणि आम्ही काठाने त्याच्याबरोबर चालत निघालो. अरुंद जागी पान पळायचं, रुंद जागी रेंगाळायचं, एका वळणावर दगडाला अडकून गरगर फिरलं आणि पुन्हा सुटलं. तो दगड तिथे मुद्दाम ठेवलेला आहे, हे तिच्याच लक्षात आलं. कालव्याचा वेग आम्हीही असाच मोजायचो, पाण्यात तरंगतं काही सोडून आणि घड्याळ हातात धरून. रखवालदाराने मात्र पाण्यात कचरा टाकल्याबद्दल आम्हाला समज दिली.

माझी विनंती अशी. या प्रत्येक बागेच्या दाराशी एक नकाशा लावावा: पाणी कुठे अडवलं, कुठून आलं, कुठे गेलं. मराठीत, मोठ्या अक्षरांत, आणि ‘हिरवळीवर चालू नये’ या पाटीपेक्षा थोडा वरच्या बाजूला. हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या पुरवणीनेच एखाद्या रविवारी अर्धं पान द्यावं. कात्रजचा तलाव, सारसबाग, शनिवारवाडा अशा क्रमाने, पाणी आलं त्याच वाटेने, एका सकाळीत फिरून होतं. नकाशा मी हाताने काढून देईन. ट्रेसिंग पेपर अजून घरात आहे, मानधन नको.

आपला,
एक निवृत्त पाटबंधारे कर्मचारी
सहकारनगर, पुणे