काका, जहाज आतून दाखवलंत म्हणून

सोलापूर

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले असते तर "असू दे गं" म्हणून तुम्ही पाण्याच्या टँकरचा विषय काढला असता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. आता ऐकून घ्यावंच लागेल.

माझा एम.एस्सी.चा प्रकल्प एकदाचा जमा झाला. आर्क्टिक समुद्रातली जहाजांची वर्दळ आणि तिथले सस्तन प्राणी, हा विषय. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात बसून समुद्राचा अभ्यास, यावर आमच्या गल्लीत व्हायचे तेवढे विनोद झाले. जहाजावर काम केलेले तुम्ही मात्र हसला नाहीत. "कुठली जहाजं?" एवढंच विचारलंत. मी म्हटलं, सगळी. "सगळी असं काही नसतं," म्हणालात आणि चष्मा शोधायला उठलात.

तोवर माझ्याजवळ होते ते फक्त शोधनिबंध. २०१८ साली डोना हाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात जातींचे ८० समूह तपासले: नार्व्हाल आणि बेलुगा हे छोटे देवमासे, मोठा बोहेड देवमासा, वॉलरस, दोन प्रकारचे सील आणि ध्रुवीय अस्वल. बर्फ सगळ्यात कमी असतो त्या सप्टेंबरात निम्म्याहून जास्त समूह जहाजांच्या वाटेवर सापडतात आणि सगळ्यात जास्त धोका नार्व्हालला, असं त्यांना दिसलं. आर्क्टिक कौन्सिल या तिकडच्या देशांच्या मंडळाच्या मोजणीप्रमाणे २०१३ ते २०१९ या काळात तिकडे जाणारी जहाजं २५ टक्क्यांनी वाढली. हे आकडे मला पाठ होते. पण जहाज आवाज करतं म्हणजे नेमकं काय करतं, ते एकाही निबंधातून डोक्यात शिरत नव्हतं.

ते तुम्ही लाइट बिलाच्या पाठीमागे शिकवलंत. पाण्याखालच्या मायक्रोफोनने टिपलेल्या आवाजाचा आलेख मी लॅपटॉपवर उघडला होता. तळाला सारख्या अंतरावर आडव्या रेघा दिसत होत्या. त्या कसल्या, ते मला सांगता येत नव्हतं. तुम्ही पट्टी मागवलीत आणि काकू "स्क्रीनला ओरखडे पडतील" म्हणत असताना ती सरळ स्क्रीनला लावलीत. रेघांमधलं अंतर सात हर्ट्‌झ. म्हणजे सेकंदाला सात ठोके. मग बिलावर लिहिलंत: सात गुणिले साठ, भागिले चार. "जहाज ढकलणारा पंखा, म्हणजे प्रोपेलर, चार पात्यांचा असेल तर मिनिटाला १०५ फेरे. मोठं इंजिन आहे, संथ फिरणारं. मालवाहू असणार." ज्या जहाजाचं नाव-गाव ठाऊक नाही, त्याची नाडी तुम्ही बसल्या जागी मोजलीत! त्या संध्याकाळी मला हा विषय खऱ्या अर्थाने आवडायला लागला.

पंख्याच्या पात्यांवर दाब घसरला की पाण्यात बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, जहाजाचा बराचसा आवाज तोच, हे मी वाचलं होतं. रिकामं जहाज वर उचललं जातं, पंखा पृष्ठभागाजवळ येतो आणि बुडबुडे वाढतात, हे तुम्ही सांगितलंत. जहाजांच्या नोंदींतही कशावर भरवसा ठेवायचा ते तुम्हीच दाखवलंत. वेग आणि जागा यंत्र पाठवतं, ते बहुतेक खरं. पण जहाज पाण्यात किती खोल आहे आणि चालू आहे की नांगरलेलं, हे माणूस हाताने भरतो. "वॉच, म्हणजे ड्यूटीची पाळी, संपत आली की कोण बदलतंय ते!" आणि नांगरलेल्या जहाजाचेही जनरेटर चालूच असतात. हे सगळं आता माझ्या प्रबंधात आहे, तळटीपेत तुमच्या आभारासकट.

बोहेडचा भाग तर सरळ आमच्या टॉवेलच्या कारखान्यातूनच आला. तुम्ही विचारलंत, "माग चालू असताना तुझे आई-बाबा बोलतात कसे?" ओठांवरून, हातवाऱ्यांनी. सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. बोहेडला ती सोय नाही. त्याची साद खालच्या पट्टीतली, मोठ्या जहाजाची घरघरही त्याच पट्टीतली, आणि पाण्यात आवाज हवेच्या साडेचारपट वेगाने जातो. त्यात आर्क्टिकमध्ये सगळ्यात थंड पाणी वरच्या थरात असल्याने आवाज पुन्हा पुन्हा वर वळतो आणि पृष्ठभागालगत लांबवर पोचतो. हा प्राणी दोनशे वर्षंही जगू शकतो. म्हणजे आज पोहणाऱ्यांपैकी काहींनी पंख्याची जहाजं तिकडे येण्याआधीचा समुद्र ऐकलेला असेल.

नार्व्हालचं निराळं. पूर्व ग्रीनलंडमधल्या प्रयोगात एअरगन (दाबाच्या हवेने पाण्यात धमाके करणारं यंत्र) ओढणारं जहाज १२ किलोमीटरवर असतानाच त्यांचे शिकार टिपतानाचे आवाज निम्म्यावर आले, आणि सात-आठ किलोमीटरवर शिकारच थांबली. हे वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग बाल्टिकमध्ये बर्फफोड्या जहाजामागून गेल्याची आठवण काढलीत: बर्फ हटेना की ते मागे येतं, परत धडक मारतं, आणि उलट फिरणाऱ्या पंख्याने अख्खी इंजिनरूम हादरते. मी ते लगेच लिहून घेतलं, कारण अशा धडकांच्या वेळचा आवाज सर्वाधिक असतो, असं बेलुगांवरच्या अभ्यासातही आहे.

तुमच्यामुळे प्रबंधाचा रोख बदलला. जहाजं बंद करा, असं त्यात कुठेच नाही. बेरिंगच्या सामुद्रधुनीत डिसेंबर २०१८ पासून जहाजांना वाटा आखून दिल्या आहेत, काही भाग टाळायला सांगितले आहेत. वेग कमी केला की बहुतेक जहाजांचा आवाज उतरतो. तेव्हा कुठलं जहाज, कधी, किती वेगाने, एवढंच मी विचारलंय. परीक्षक म्हणाले, "हे जहाजावर काम केलेल्या माणसाने लिहिल्यासारखं वाटतं." मी मान डोलावली.

आता नवा प्रश्न आहे. रशियातल्या यामालहून गॅस नेणाऱ्या टँकर जहाजांचे पंखे बुडाखाली हव्या त्या दिशेला वळणाऱ्या डब्यावर (पॉडवर) असतात आणि जाड बर्फात ती उलटी, मागच्या बाजूने वाट काढतात. त्यांच्या रेघा आलेखात कशा दिसतील? रविवारी लॅपटॉप घेऊन येते. बाबांनी टॉवेलची एक जोडी बांधून ठेवली आहे. परत पाठवायची असेल तर त्यांच्याशी तुम्हीच बोला.

काकूंना नमस्कार. पट्टी मी प्लास्टिकची आणते.

तुमची,
पूर्व भागातली विद्यार्थिनी