पाकिटावर गावाचं नाव कुठाय?

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात वांद्र्याला एका दुकानातून कॉफीच्या बियांचं पाव किलोचं पाकीट घेतलं, ६०० रुपयांना. मागे छापलंय, 'लहान कुटुंबांच्या मळ्यांतून'. मळा चिकमगळूरचा की कोडगूचा, बियांची जात अरेबिका की रोबस्टा, भाजल्या कधी, काहीच नाही. अहो, आपल्याकडचे बहुतेक कॉफीवाले शेतकरी १० हेक्टरच्या आतलेच; मग यात नवल ते काय? माटुंग्यात मी चाळीस वर्षं पूड दळून घेते. दुकानदार न विचारता चिकोरीचे (कॉफीत मिसळतात त्या मुळाच्या पुडीचे) टक्के सांगतो. (सासूबाईंना २० लागायची, मी १० वर आणली.) या बिया मिक्सरमधून काढल्या, तर घरात वाससुद्धा नाही! निदान गाव आणि भाजल्याची तारीख तरी छापा. ६०० पैकी मळेवाल्याला किती मिळाले तेही सांगितलंत, तर पुन्हा घेईन.

– एक गृहिणी, माटुंगा