ती ॲसिडिटी नव्हती

संपादक महोदय,

माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या, मधुमेही. पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या न थांबता चढणाऱ्या. गेल्या महिन्यात निम्म्यावरच धाप लागून बसू लागल्या. आम्ही म्हटलं, वय झालं. मग एका पहाटे जबडा दुखतोय, पाठ भरून आलीय, मळमळतंय म्हणाल्या. छातीत? “छे, काही नाही.” आम्ही ओवा दिला. जवळच्या दवाखान्यात ॲसिडिटीची गोळी मिळाली, वर “बायका या वयात फार काळजी करतात हो” हा शेरा. ईसीजी नाहीच.

दुपारी पंखा सुरू असताना पोलकं घामानं चिंब झालं, तेव्हा १०८ला फोन केला. रुग्णालयात पहिला ईसीजी जवळपास ठीक आला. पण तिथल्या डॉक्टरबाईंनी ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी केली, ईसीजी पुन्हा काढला आणि हृदयविकाराचा झटका सापडला. बायकांमध्ये, त्यातून मधुमेह असेल तर, छातीत कळ न येताही तो येतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. अशा तक्रारींवर दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. गल्लीतल्या दवाखान्यात ते यंत्र नसेल, तर निदान “मोठ्या रुग्णालयात जा” एवढं तरी सांगावं!

सासूबाई घरी आल्यात. पर्वती बंद केली म्हणून माझ्यावर रुसल्यात.

— एक सून, सदाशिव पेठ, पुणे