अ‍ॅमस्टरडॅमहून नगरला

अ‍ॅमस्टरडॅम, ऑक्टोबर

प्रिय आई आणि पप्पा,

जय ख्रिस्त.

मी बरी आहे. आई, परवा फोनवर तुला माझा आवाज बसलेला वाटला, तो कॉयरच्या सरावामुळे. थंडी अजून म्हणावी तशी सुरूही झालेली नाही. कोट आहे, खोलीत हीटर आहे, वरणभात रोज होतो. काळजी करू नकोस.

पप्पा, उपासनेनंतर लोक तुम्हाला विचारतात, मुलगी ऑर्गन शिकून पोट कसं भरणार? फोनवर मी विषय बदलला, कारण पाच मिनिटांत सांगण्यासारखं ते नाही. म्हणून लिहिते.

इथं गुस्ताव लेऑनहार्ट नावाचे फार मोठे वादक होऊन गेले. जन्म 1928 चा. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला शिकून ते व्हिएन्नाला गेले ते वाद्यवृंदाचं संचालन शिकायला, पण तिथला बराच वेळ त्यांनी ग्रंथालयात बसून जुनी हस्तलिखितं हातानं उतरवून घेण्यात घालवला. तेव्हा हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य, हे संग्रहालयात ठेवायचं वाद्य समजलं जायचं. 1950 मध्ये त्यांनी त्याच वाद्यावर जुन्या काळचे जर्मन संगीतकार बाख यांचं ‘आर्ट ऑफ फ्यूग’ वाजवलं आणि दोन वर्षांनी, ही रचना मुळात या वाद्यासाठीच आहे, असं मांडणारं पुस्तक काढलं. 1954 पासून ते इथल्या संगीत महाविद्यालयात शिकवायला लागले. शिवाय वाल्से केर्क या चर्चमध्ये ऑर्गनवादक. तिथला ऑर्गन क्रिस्टियान म्युलरनं 1734 मध्ये बांधलेला आहे. शिवाय स्वतःचा छोटा वाद्यवृंद, त्यात पत्नी मारी व्हायोलिनवर. 1971 पासून जवळजवळ वीस वर्षं त्यांनी आणि हार्नॉनकूर या संचालकांनी वाटून घेऊन बाखचे सुमारे 200 चर्च कँटाटा, म्हणजे उपासनेत वाद्यवृंदासह गायच्या रचना, ध्वनिमुद्रित केले. शेवटचा कार्यक्रम डिसेंबर 2011 मध्ये पॅरिसला केला आणि पुढच्याच महिन्यात गेले. शिकवणं, चर्च, कार्यक्रम, संचालन अशा चार ठिकाणांहून मिळून एक संसार उभा राहतो, पप्पा. माझे सर असेच जगतात. मीही जगेन.

हार्पसिकॉर्डची पट्टी दाबली की आत एक बारीक नखी तार छेडते. हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच. आपल्या पेटीवर भात्यानं सूर फुलवता येतो, ती सोय इथं नाही. मग एखाद्या सुरावर भर द्यायचा तर आधीचा सूर किंचित आखडता घ्यायचा आणि तो सूर केसभर उशिरा आणायचा. लेऑनहार्टांचं वाजवणं ऐकताना हातवारे, आवेश काही नसतो, पण वाक्य बोलल्यासारखं नेमकं ऐकू येतं. मला तेच शिकायचं आहे. ते इथंच शिकता येतं, म्हणून मी इथं आहे.

आई, तू विचारलंस, फोटोत लोक ऑर्गनकडे पाठ करून का बसलेत? खरंच बसतात. मलाही आधी कळेना. खुर्च्या पुल्पिटकडे, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठाकडे, तोंड करून मांडलेल्या असतात आणि ऑर्गन मागच्या भिंतीवर, दोन मजले उंच. वाजवणारा दिसतच नाही. तासभर लोक समोर रिकाम्या जागेकडे बघत ऐकतात. कुणी मान डोलवत नाही, ‘वा’ म्हणत नाही, दोन रचनांमध्ये टाळीसुद्धा बऱ्याचदा नाही. शेवटी सगळे उठून मागे वळतात, वर बघून टाळ्या वाजवतात, आणि कठड्यावरून एक डोकं दिसतं. याचं कारण जुनं आहे. 1578 मध्ये हे शहर प्रोटेस्टंट झालं तेव्हा उपासनेत ऑर्गन नको असं ठरलं. पण ऑर्गन शहराच्या मालकीचा, वादक शहराचा पगारी. म्हणून इथल्या आउडे केर्क या चर्चमधले वादक स्वेलिंक उपासनेच्या आधी आणि नंतर गावकऱ्यांसाठी वाजवायचे. त्यांचे वडील तिथेच वादक, 1621 मध्ये स्वेलिंक वारल्यावर त्यांचा मुलगा तिथेच. आपल्याकडे चर्चमध्ये आजोबांनंतर तुम्ही पेटीवर बसलात, पप्पा, तसंच. त्यामुळे ऐकणं आणि बघणं इथं वेगळं आहे. आता मलाही पाठ करून ऐकायला आवडतं.

आजीला सांगा, मी चर्चला जाते. दर रविवारी जवळच्या गावात मीच वाजवते आणि प्रत्येक उपासनेमागे मानधन मिळतं. रात्री एकटी फिरते असं तिला कुणी सांगितलं? ट्रेन थेट घराजवळ येते आणि रस्त्यावर माणसं असतात.

आता दादाच्या लग्नाचं. 28 डिसेंबर कळल्यापासून मी हिशेब करतेय. नाताळात 24, 25 आणि 26 ला मला वाजवायचं आहे. शब्द तारीख ठरायच्या आधीच दिला होता आणि वर्षातली सगळ्यात चांगली मिळकत त्याच दिवसांत होते. 26 ला रात्री निघाले की 27 ला संध्याकाळी मुंबई, पहाटेपर्यंत नगर. म्हणजे हळदीला मी नसेन. बस्त्यालाही नव्हते. आई, माझ्यासाठी हळद पुढे ढकलू नकोस. वहिनीला मी स्वतः फोन करून सांगते. लग्नात दोन गीतं मी वाजवणार, पप्पांनी पेटी सोडायला हवी.

हॉलचे 40,000 दादाच्या खात्यात पाठवलेत, उरलेले नोव्हेंबरअखेर. पप्पा, पतसंस्थेतून नवीन कर्ज काढू नका. माझं भाडं देऊन एवढं निघतं, मी उपाशी राहून पाठवत नाही.

पुण्याच्या स्थळाला सध्या नाही म्हणू नका, हो पण म्हणू नका. जूनमध्ये माझी परीक्षा आहे. त्यांना फक्त एवढं विचारा, लग्नानंतर मी वाजवत राहिलेलं चालेल का. उत्तर आलं की मला लगेच सांगा. आणि आई, गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यात काढून घे, त्याचे पैसे मी पाठवते त्यातूनच द्या.

तुमची,
बेबी