पॉइंट काढले म्हणून फियाट खोटी होत नाही

संपादक महाशय,

रविवारच्या अंकातला जुन्या मोटारींवरचा लेख आवडीने वाचला. फक्त 'पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले की गाडीचा अस्सलपणा संपला' हे वाक्य बोचले. पॉइंट म्हणजे इंजिनाबरोबर उघडमीट करून कॉइलचा प्रवाह तोडणारे दोन छोटे संपर्क; तो तुटला की कॉइल, म्हणजे विजेचा दाब वाढवणारं वेटोळं, प्लगला ठिणगी देतं. आमच्याकडे सासऱ्यांनी घेतलेली 1969 ची फियाट 1100 डिलाइट आहे आणि ती मी चालवते. गोकुळपेठेत भाजी आणायलासुद्धा.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, भर दुपारी दोन वाजता, वर्धा रोडवर सोनेगावजवळ ती बंद पडली. अर्धा तास कडुलिंबाखाली उभी राहिले, कॉइलवर ओलं फडकं ठेवलं, तर एका सेल्फमध्ये सुरू! अजनी चौकात पुन्हा तेच. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, कंडेन्सर गरम झाला का गाडी बसते." कंडेन्सर म्हणजे पॉइंटवर उडणारी ठिणगी दाबणारा छोटा भाग. त्या उन्हाळ्यात तीन कंडेन्सर बदलले, एक तर गॅरेजपासून घरापर्यंतही टिकला नाही. पॉइंटचंही तसंच. त्याची फायबरची टाच घासत जाते, फट कमी होते, ठिणगीचं टायमिंग मागे पडतं. माझ्या चष्म्याच्या घरात चष्म्याऐवजी ती फट मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फीलर गेज, असायचा.

शेवटी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवलं. ठिणगी प्लगांना वाटणाऱ्या फिरत्या रोटरखाली चुंबकांची एक कडी, पॉइंटच्या जागी आगपेटीहून लहान मॉड्यूल, कॉइलकडे जाणाऱ्या दोन तारा. कॅप, रोटर, प्लगच्या वायरी होत्या त्याच. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतं तेव्हा सेकंदाला 100 ठिणग्या लागतात, म्हणजे पॉइंट तितक्या वेळा उघडमीट करतात. ते काम आता काही न घासता होतं: कडीतलं चुंबक समोरून गेलं की मॉड्यूलला ते कळतं आणि ते प्रवाह तोडतं. प्रवाह वाहणाऱ्या तुकड्याजवळ चुंबक आणलं की त्यात आडवा विद्युत दाब तयार होतो, हा एडविन हॉलने 1879 मध्ये शोधलेला परिणाम बी.एस्सी.च्या मुलांकडून मी वर्षानुवर्षं जर्मेनियमच्या तुकड्यावर करून घेतला. तोच स्वतःच्या बॉनेटखाली भेटेल असं वाटलं नव्हतं.

पहिलं किट मात्र मीच जाळलं. इंजिन बंद, किल्ली ऑन, आणि मी शेजारणीशी गप्पा मारत उभी; तेवढा वेळ प्रवाह वाहत राहिला आणि मॉड्यूल तापून गेलं. पॉइंट घासून घरी येता येतं, जळलेलं मॉड्यूल घासून काही होत नाही, हे लेखकाचं म्हणणं मला मान्य आहे. त्यासाठी जुनी प्लेट पॉइंट-कंडेन्सरसकट श्रीखंडाच्या डब्यात घालून डिकीत ठेवली आहे. परत बसवायला मिस्त्रीला वीस मिनिटं लागतात.

राहिला नियम. 2021 च्या केंद्रीय नियमांत 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली, मोठे फेरफार न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. इंजिनाला एक भोकही न पाडता, दोन स्क्रूंवर बसणारी आणि तशीच निघणारी वस्तू 'मोठा फेरफार' कशी? मी स्वतः ती नोंदणी केलेली नाही, कारण मग गाडी रोजच्या वापरात चालत नाही, आणि भाजी कोण आणणार?

लेखात सांगायला हवं होतं ते वेगळंच. जुन्या इंग्लिश गाड्यांपैकी कित्येकींत बॅटरीची पॉझिटिव्ह तार बॉडीला जोडलेली असते. साधं किट निगेटिव्ह तार बॉडीला असलेल्या गाडीसाठी असतं, ते अशा गाडीत जोडलं तर पहिल्याच किल्लीला जळू शकतं. किट घेण्याआधी कोणती तार बॉडीला गेली आहे ते बघा, एवढी एक ओळ छापली असती तर कुणाचे तरी पैसे वाचले असते.

— एक निवृत्त प्राध्यापिका, धरमपेठ, नागपूर