दिलेले पैसे परत कसे घेतात?

फ्रेस्नो, कॅलिफोर्निया
१८ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तुमचे पत्र आणि त्यात घडी करून ठेवलेले वर्तमानपत्राचे कात्रण, दोन्ही पोचले. कॅलिफोर्नियाच्या वेगवान रेल्वेला दिलेले केंद्राचे पैसे ट्रम्प सरकारने रद्द केले, ती ही बातमी. कात्रणाच्या कडेला तुम्ही पेन्सिलीने लिहिले आहे, ‘सरकारने एकदा दिलेले पैसे परत कसे घेतात?’ रविवारी फोनवर ‘राजकारण आहे, बाबा’ असे म्हणून मी विषय मिटवला, पण ते काही उत्तर नव्हे. जानेवारी २०१५ मध्ये याच शहरात या वेगवान रेल्वेच्या कामाचा समारंभ झाला आणि त्याच महिन्यात मी इथे राहायला आले. तेव्हा नीट सांगणे माझ्याकडे लागते. वाचून झाले की पत्र सावंतवाडीला आत्याकडे पाठवा. बुलेट ट्रेनवरून तुम्हा भावाबहिणींचे जे वाजले आहे, त्यात दोन्ही पक्षांना उपयोगी पडेल.

प्रथम मूळ व्यवहार. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस हे अंतर दोन तास चाळीस मिनिटांत कापणाऱ्या रेल्वेसाठी राज्याने ९९५ कोटी डॉलरचे कर्जरोखे काढावेत का, असा प्रश्न नोव्हेंबर २००८ मध्ये इथल्या मतदारांपुढे ठेवला गेला आणि निम्म्याहून थोड्या अधिक मतदारांनी होकार दिला. त्यांतले ९०० कोटी या रेल्वेचे, उरलेले तिला जोडणाऱ्या जुन्या मार्गांचे. मात्र पूर्ण मार्गाचा त्या वेळचा अंदाजच सुमारे ३,३०० कोटी डॉलरचा होता. म्हणजे लोकांनी चौथाईहून जरा जास्त रकमेला संमती दिली, आणि बाकीची रक्कम केंद्राकडून व खासगी गुंतवणूकदारांकडून येईल असे गृहीत धरले. वर कायद्यातच अट घातली की गाडी धावू लागल्यावर तिला सरकारी अनुदान मिळणार नाही. चौथाई पैसे गाठीला असताना घराचा पाया खणणारी आणि ‘चवथीपर्यंत कौले चढतील’ असे दरवर्षी सांगणारी माणसे आपल्याही वाड्यावर आहेत. इथले घर तेवढे आठशे किलोमीटर लांबीचे आहे.

खासगी गुंतवणूकदार आले नाहीत. केंद्राचे पैसे आले, पण ते ज्या रीतीने आले त्यातच पुढच्या दुखण्याचे मूळ आहे असे माझे मत झाले आहे. मंदीतून बाहेर पडण्यासाठी २००९ मध्ये ओबामांच्या सरकारने जो मोठा खर्च मंजूर करून घेतला, त्यात वेगवान रेल्वेसाठी ८०० कोटी डॉलर होते. ओहायो, विस्कॉन्सिन आणि फ्लोरिडा या तीन राज्यांच्या नव्या रिपब्लिकन गव्हर्नरांनी आपल्या वाट्याचे पैसे सरळ नाकारले, कारण पुढचा भार राज्याच्या तिजोरीवर पडेल अशी त्यांची भीती होती. त्यांतला काही भाग मग कॅलिफोर्नियाकडे वळला. या पैशांना मुदत होती: सप्टेंबर २०१७ पर्यंत खर्च करा, नाहीतर सोडा. त्यामुळे काम दोन मोठ्या शहरांच्या टोकांकडून सुरू न होता मधल्या सपाट खोऱ्यात, म्हणजे आमच्याकडे, सुरू झाले. आणि बांधकामाची कंत्राटे २०१३ पासून दिली गेली, तेव्हा लागणाऱ्या जमिनीतली पुष्कळशी ताब्यातच आलेली नव्हती. कंत्राटदार यंत्रे घेऊन उभा आणि जमीन मालकाच्या नावावर, अशी स्थिती झाली की कंत्राटदार थांबण्याचेही पैसे मागतो. तुम्ही सार्वजनिक बांधकाम खात्यात आयुष्य काढले आहे, तुम्हाला हे अधिक उलगडून सांगायला नको.

इथे जमीन म्हणजे बदाम आणि द्राक्षे. फ्रेस्नोच्या आसपास बेदाण्यांची वाळवण चालते ती पाहून आत्याला तिचे तासगावचे सासर आठवेल. शेजारच्या किंग्ज परगण्यातल्या शेतकऱ्यांनी या रेल्वेला न्यायालयात खेचले, ते नुसते हट्टाने नव्हे. मार्ग शेताच्या कडेने न जाता तिरका मधून गेला की विहीर एका बाजूला आणि बाग दुसऱ्या बाजूला राहते, पाण्याचे नळ नव्याने टाकावे लागतात, ट्रॅक्टरला वळसा पडतो, आणि भरपाई ठरते ती बहुतेक जमिनीच्या क्षेत्रफळावरून. आमच्या ओळखीच्या एका वयस्कर बागायतदाराने मला हे स्वयंपाकघरातल्या कागदी रुमालावर रेघ ओढून दाखवले, तेव्हा मला आपल्या गोव्यातल्या करमळीच्या तळ्याकाठच्या सभा आठवल्या. मी लहान होते; तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून नेत होता आणि मामा खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचा, बांध फुटला, मानस, म्हणजे पाणी अडवणारे झडपेचे दार, बंद पडली तर खारे पाणी किती शेतांत शिरेल ते हातवारे करून सांगत होता. कोकण रेल्वे किनाऱ्यापासून दूर, आतून न्या, एवढेच तुमचे मागणे होते. १९९३ मध्ये केंद्राने गोव्यातल्या काही भागाचे काम थांबवून न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमला, ते तुम्हाला तेव्हा विजयासारखे वाटले होते. पुढे मार्ग फारसा हलला नाही, हेही खरे.

आता तुमच्या पेन्सिलीच्या प्रश्नाकडे येते. केंद्र ‘दिले’ म्हणते तेव्हा ते रोख रक्कम राज्याच्या हाती ठेवत नाही. करार करते, राज्य आधी खर्च करते आणि मग बिले पाठवून वसूल करते. खर्च न झालेला भाग हा केवळ शब्द असतो, आणि कराराच्या अटी पाळल्या नाहीत असे ठरवून नवे सरकार तो शब्द मागे घेऊ शकते. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत, २०१९ मध्ये, सुमारे ९३ कोटी डॉलर असेच काढून घेतले गेले. बायडन यांच्या सरकारने ते २०२१ मध्ये परत दिले आणि डिसेंबर २०२३ मध्ये वर आणखी ३१० कोटी मंजूर केले. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या सरकारने हे सारे, मिळून सुमारे ४०० कोटी, पुन्हा रद्द केले. तुमच्या कात्रणातली बातमी ती. राज्याने दावा दाखल केला आणि गेल्या डिसेंबरात तो मागेही घेतला. सात वर्षांत तेच पैसे गेले, आले, वाढले आणि गेले. ज्या कामाला वीस वर्षे लागायची, त्याचा हिशेब चार वर्षांच्या वहीत मांडला की दुसरे काय होणार?

विरोधकांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. पूर्ण मार्गाचा अंदाज आता १०,००० कोटी डॉलरच्या वर गेला आहे, २०२० मध्ये धावायची गाडी अजून धावलेली नाही, आणि सध्या हाती असलेला टप्पा मर्सेड ते बेकर्सफील्ड एवढाच, सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा आहे. खुद्द गव्हर्नर न्यूसम यांनी २०१९ मध्ये पदावर येताच पूर्ण मार्गाची वाट तूर्त दिसत नाही असे सांगून टाकले होते, आणि ते या रेल्वेच्या बाजूचे. बेकर्सफील्डचे रिपब्लिकन खासदार केविन मॅकार्थी अमेरिकेच्या संसदेत वर्षानुवर्षे हिला केंद्राचा पैसा मिळू नये म्हणून झटले. त्यांच्या मतदारांच्या अंगणात खांब उभे राहत होते तरीही. मला खटकते ते एवढेच की ‘रेल्वेने आपला खर्च आपण भागवावा’ म्हणणारे रस्त्यांना तो नियम लावत नाहीत. पेट्रोलवरचा केंद्रीय कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंट इतकाच राहिला आहे आणि महामार्गांच्या निधीत २००८ पासून सर्वसाधारण तिजोरीतून भर घालावी लागते. त्याला कोणी अनुदान म्हणत नाही.

आपल्या कोकण रेल्वेची गोष्ट मी इथल्या लोकांना सांगते तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. जुलै १९९० मध्ये महामंडळ झाले तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधू दंडवते अर्थमंत्री होते. दोघांनाही कोकणची तळमळ होती, हा योग पुन्हा यायचा नाही. भागभांडवल रेल्वेचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६. बाकी मोठी रक्कम लोकांकडून रोख्यांनी उभी केली. तेव्हापासून २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू होईपर्यंत दिल्लीत व्ही. पी. सिंग धरून सहा पंतप्रधान झाले, सरकारे पत्त्यांसारखी कोसळली, पेडण्याच्या बोगद्यात मातीचा गाळ पुन्हा पुन्हा भरला, तरी महामंडळाचे प्रमुख श्रीधरन यांचे काम पैशासाठी दर निवडणुकीला नव्याने हात पसरत बसले नाही. रोख्यांवरच्या व्याजाने महामंडळाला पुढे कित्येक वर्षे जेरीस आणले, ही त्याची किंमत. ती आपण मोजली, पण गाडी आली.

जपानमध्येही काहीसे असेच घडले. टोकियो-ओसाका मार्गाचा खरा खर्च आधी कमी दाखवला गेला होता. तो दुपटीच्या घरात गेला तेव्हा तिथल्या रेल्वेचे अध्यक्ष सोगो शिंजी यांना १९६३ मध्ये पायउतार व्हावे लागले आणि १९६४ च्या उद्घाटनाला ते मानाच्या जागी नव्हते. परंतु त्यांनी जागतिक बँकेकडून ८ कोटी डॉलरचे कर्ज घेऊन ठेवले होते. खर्चाच्या मानाने ते थोडेच. खरा उपयोग असा की बाहेरच्या सावकाराला शब्द दिल्यावर पुढच्या सरकारला काम मध्येच सोडणे अवघड होते. आत्याला मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या जपानी कर्जाचा राग आहे, ०.१ टक्का व्याज आणि पन्नास वर्षांची फेड हे तिला आमिष वाटते. ते आमिष असेलही, पण बांधून ठेवणारी दोरीसुद्धा तीच आहे. २०२० मध्ये उद्धव ठाकरे यांनी त्या प्रकल्पाला पांढरा हत्ती म्हटले तेव्हाही महाराष्ट्रातले काम अडले ते मुख्यतः जमिनीवर; पैसे जागच्या जागी होते.

कॅलिफोर्नियाने आता तसेच काहीसे केले आहे. कारखान्यांना धूर सोडण्याचे परवाने लिलावात विकून जो पैसा येतो, त्यातून दरवर्षी १०० कोटी डॉलर २०४५ पर्यंत या रेल्वेला द्यायचे, असा कायदा गेल्या सप्टेंबरात झाला. मर्सेड-बेकर्सफील्डपुरते त्यात निभावेल असे म्हणतात. डोंगर ओलांडून लॉस एंजेलिस गाठायला ते पुरणारे नाही. आजही बेकर्सफील्डला रेल्वेतून उतरून पुढे बसने जावे लागते, सामान हातात घेऊन, जसे आपण पूर्वी मुंबईहून एसटीने रात्रभर येत होतो.

बाबा, माझे मन मात्र एका ठिकाणी अडखळते, आणि ते मी तुम्हालाच विचारू शकते. पैसा असा बांधून टाकावा की कोणत्याही नव्या सरकारला तो सोडवता येऊ नये, हे मला रेल्वेच्या दृष्टीने पटते. पण १९९३ मध्ये दिल्लीतल्या कोणाला तरी काम थांबवता आले म्हणूनच मामाचे म्हणणे एका आयोगापुढे पोचले. तेव्हा रोख्यांच्या व्याजाचा आकडा पुढे करून कोणी तुम्हाला ‘आता थांबता येत नाही’ असे सांगितले असते, तर तुम्ही ऐकले असते का? आणि आज मांडवी एक्स्प्रेसने मुंबईला निघताना त्या थांबलेल्या महिन्यांचा हिशेब तुम्ही कुठल्या बाजूला मांडता? तुमचे उत्तर पेन्सिलीने कडेला नको, पानभर हवे.

चवथीला यंदा सप्टेंबरात येते आहे. मुंबईहून गाडीनेच येईन म्हणते. आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात, तेव्हा जुलैच्या मध्यात दादाला सकाळी आठ वाजता संगणकापुढे बसायला सांगा. आईला नमस्कार, दादा-वहिनींना आठवण, मुलांना आशीर्वाद.

आपली आज्ञाधारक लेक,
वसुधा