रॉजर म्हणणं बंद कर

प्रिय दिग्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालायच्या असतील तर आत्ताच घालून घे, पुढे तुला तेवढी उसंत देणार नाहीये. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, त्यात नवीन काही नाही.

तू पाठवलेलं कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग ऐकलं. विमान छान हाताळतोस, लँडिंग सुधारलंय, इन्स्ट्रक्टर उगाच रेडिओवरून डोकं खातो, असं तू लिहिलं होतंस. उगाच नाही खात. टॅक्सी करताना (जमिनीवर विमान चालवत नेताना) टॉवर सांगतो, २७ नंबरच्या धावपट्टीच्या अलीकडेच थांब: "होल्ड शॉर्ट ऑफ रनवे टू सेव्हन." आणि तू म्हणतोस, "रॉजर." त्या एका शब्दात मला तुझा जुना आवाज ऐकू आला. बापूकाका स्टेशनवर काहीतरी सांगायचे आणि तू मान हलवून "हो हो, कळलं" म्हणायचास, तो. आपण सगळे भलत्याच गाडीत बसलो त्याचं खापर तू अजून माझ्यावर फोडतोस, तो हिशेब नंतर बघू. मन्याला विचार, तो खरं सांगेल.

रॉजर म्हणजे तुमचं शेवटचं बोलणं मला पूर्ण मिळालं. बास. सांगितल्याप्रमाणे करणार असशील तर विल्को. हो की नाही विचारलं तर अफर्म किंवा निगेटिव्ह. आणि होल्ड शॉर्टला यातलं काहीच चालत नाही, सूचनाच परत म्हणावी लागते (हाच रीडबॅक), शेवटी आपला कॉलसाइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव: "होल्ड शॉर्ट ऑफ रनवे टू सेव्हन, अल्फा ब्राव्हो चार्ली." कंट्रोलर त्या वेळी तुझा रीडबॅक स्वतःच्या सूचनेशी ताडून बघत असतो. तू टू सेव्हनऐवजी टू सिक्स म्हणालास तर तो तिथल्या तिथे पकडतो. रॉजर म्हणालास तर त्याच्या हातात पकडायला काही उरत नाही. मग तो पुन्हा विचारतो, फ्रीक्वेन्सी अडते आणि मागचे चार जण ताटकळतात. हे झालं नशीब चांगलं असेल तर.

रीडबॅक कशाकशाचा, हे पाठच कर. रनवेवर जाणं, उतरणं, टेकऑफ, रनवे ओलांडणं, त्यावरून उलट चालत येणं, त्याच्याआधी थांबणं, मार्गाची क्लिअरन्स (परवानगी), कोणता रनवे वापरात आहे, क्यूएनएच (अल्टिमीटरवर, म्हणजे उंचीमापकावर, लावायचा हवेचा दाब), ट्रान्सपाँडरचा (रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्राचा) कोड, उंची, हेडिंग, वेग. नवी फ्रीक्वेन्सी दिली तर तीही. वारा आणि इतर विमानांची माहिती परत म्हणायची गरज नाही. तू मात्र उलटं केलंयस. वाऱ्याची दिशा आणि वेग इमानेइतबारे परत वाचलास आणि क्यूएनएच गिळलास. अल्टिमीटरवर दाब एका हेक्टोपास्कलने चुकला की साधारण २७ ते ३० फूट चुकतात, दहा चुकले तर तीनशेच्या आसपास.

दुसरं म्हणजे "रेडी फॉर टेकऑफ" म्हणालास. ते "रेडी फॉर डिपार्चर" असतं, आणि हा कारकुनी हट्ट नाही. २७ मार्च १९७७, स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमानतळ. धुकं. केएलएम कंपनीच्या विमानातल्या सहवैमानिकाने मार्गाची क्लिअरन्स परत वाचली आणि शेवटी आपण "ॲट टेकऑफ" आहोत असं सांगितलं. टॉवरला वाटलं, जागेवर उभे आहेत. विमान प्रत्यक्षात धावत होतं. टॉवर "ओके" म्हणाला, आणि पुढे "स्टँडबाय फॉर टेकऑफ, आय विल कॉल यू" म्हणत असतानाच पॅन ॲमचं विमान सांगू लागलं की आम्ही अजून रनवेवरच आहोत. दोन ट्रान्समिशन एकमेकांवर चढली आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये नुसती शिट्टी वाजली. दोन्ही विमानं धडकली आणि ५८३ माणसं गेली. तेव्हापासून टेकऑफ हा शब्द फक्त टेकऑफची परवानगी देताना, ती परत वाचताना किंवा रद्द करताना. बाकी सगळीकडे डिपार्चर.

ती शिट्टी तुलाही रोज ऐकू येत असणार. आपला व्हीएचएफ रेडिओ एएम पद्धतीने चालतो. दोघांनी एकदम बटण दाबलं की दोघांच्या वाहक लहरी एकमेकींत घुसतात आणि ऐकणाऱ्याला चिरका आवाज येतो. एफएममध्ये जोरदार लहर दुबळीला गुपचूप दाबून टाकते, इथे निदान टक्कर झाली हे कळतं. म्हणून फ्रीक्वेन्सी बदलल्यावर लगेच बोलू नकोस, काही सेकंद ऐक. कोणाला प्रश्न विचारलेला असेल तर त्याचं उत्तर आधी येऊ दे. तू रेकॉर्डिंगमध्ये एकाच्या उत्तरावर सरळ धडकलायस. गप्पांतही तू असाच, पण तिथे शिट्टी वाजत नाही म्हणून निभावलं.

"मला बोलायला सुचत नाही" असं तू लिहितोस. मला वाटतं तुझं अडतं ते ऐकण्यात. येणारं उत्तर काय असू शकतं याचा अंदाज न बांधता तू कॉल करतोस, मग उत्तर आलं की भांबावतोस, आणि भांबावलास की रॉजर. टॅक्सी मागितलीस तर काय काय येणार? होल्डिंग पॉइंट (रनवेआधी थांबायची जागा), तिथे जायचा मार्ग, रनवे, क्यूएनएच. मग गुडघ्यावरच्या पॅडवर या चारांसाठी रिकाम्या जागा आधीच करून ठेव आणि ऐकता ऐकता भर. एटीआयएस (विमानतळाची रेकॉर्ड केलेली माहिती) आधी ऐकलास तर रनवे आणि क्यूएनएच अर्धे तुझ्याकडे आलेलेच असतात, फक्त जुळवायचे. त्या माहितीला दिलेलं अक्षर पहिल्या कॉलमध्ये सांगायला विसरू नकोस, नाहीतर तेच सगळं तुला पुन्हा वाचून दाखवतील. क्रम सोपा: कोणाला बोलावतोयस, तू कोण, कुठे आहेस, काय हवंय. व्यस्त फ्रीक्वेन्सीवर आधी फक्त त्यांचं नाव आणि तुझा कॉलसाइन; त्यांनी बोल म्हटलं की बाकीचं. आणि कॉलसाइनचा संक्षेप त्यांनी केल्यावरच तू करायचा.

एकट्याने उडशील तेव्हा, तुमच्याकडे पद्धत असेल तर, पहिल्या कॉलला "स्टुडंट" जोड. या वयात विद्यार्थी म्हणवून घ्यायला लाज वाटते हे मला माहीत आहे, पण तो शब्द ऐकला की कंट्रोलर सावकाश बोलतो आणि सूचना तोडून तोडून देतो. असलं फुकटचं मिळत असताना सोडू नये.

नाही कळलं तर "से अगेन". अर्धंच चुकलं असेल तर "से अगेन ऑल आफ्टर" आणि जिथपर्यंत कळलं तो शब्द. जमणार नसेल तर "अनेबल" आणि थोडक्यात कारण. हात गुंतलेले असतील तर "स्टँडबाय". विमान आधी, दिशा नंतर, बोलणं सगळ्यात शेवटी. त्यांनी तुला स्टँडबाय म्हटलं तर गप्प राहा. त्याला उत्तर द्यायचं नसतं आणि ती परवानगीही नसते. ताईचं "बघू" म्हणजे होकार, असं समजून आपण काय काय केलं होतं आठवतंय ना? तसलं इथे नको.

यंत्राकडच्या चुका त्या मानाने किरकोळ. तुझा पहिला शब्द दर वेळी कापला जातोय, आणि पहिल्या शब्दांतच आपण कोणाला बोलावतोय ते असतं. बटण दाब, क्षणभर थांब, मग बोल, संपल्यावरच सोड. माइक ओठांना जवळजवळ टेकलेला हवा, हनुवटीखाली नको. मिनिटाला शंभर शब्दांच्या पुढे जाऊ नकोस आणि आकड्यांच्या आधी जरा थांब. आवाजाची पातळी स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) उघडून खरखरीवर लाव. फ्रीक्वेन्सी बदललीस की जुनी स्टँडबायच्या (राखीव फ्रीक्वेन्सीच्या) खिडकीत राहू दे, पलीकडून उत्तर नाही आलं तर एका बटणात परत येता येतं. ऑडिओ पॅनेलवर कॉम वन (पहिला रेडिओ) निवडून कॉम टूवर (दुसऱ्यावर) फ्रीक्वेन्सी फिरवत बसणारे तर शेकड्याने सापडतील. लांबून कोणी उत्तर देत नसेल तर रेडिओ बिघडलाच असं धरू नकोस. हजार फुटांवरून रेडिओ साधारण ३९ नॉटिकल मैल पोहोचतो, चार हजारांवरून ७८, मध्ये डोंगर आला तर त्याहून कमी. आणि फ्रीक्वेन्सी अचानक फारच शांत वाटली तर रेडिओवरचं टीएक्स (प्रक्षेपण चालू असल्याची खूण) बघ. ते पेटलेलंच असेल तर बटण अडकलंय आणि सगळा विमानतळ तुझी बडबड ऐकतोय. तुझ्या बाबतीत ती बडबड काय असेल या कल्पनेनेच घाम फुटतो.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. तू अडचण लपवतोस. हे मी भांडणात म्हटलं होतं तेव्हा तू महिनाभर बोलला नव्हतास, तरी पुन्हा म्हणतो. २५ जानेवारी १९९०ला आव्हियांका कंपनीच्या ५२ नंबरच्या उड्डाणाचं इंधन संपत आलं होतं. वैमानिकांनी "प्रायॉरिटी" मागितली, इंधन संपतंय असंही सांगितलं, पण आणीबाणी कधी जाहीर केली नाही. न्यूयॉर्कजवळ इंजिनं बंद पडून विमान कोसळलं, १५८पैकी ७३ गेले. सांगणारे सभ्यपणे सांगत राहिले आणि ऐकणाऱ्यांनी त्यांना रांगेतच ठेवलं. दिग्या, हे तू सहज करशील. घाबरलेला असशील आणि आवाज मात्र बँकेत चेक भरायला आल्यासारखा ठेवशील.

म्हणून मेडे, म्हणजे जीवावरच्या संकटाची हाक, तोंडात बसव. मेडे तीन वेळा, स्टेशनचं नाव, कॉलसाइन, काय झालं, काय करणार, कुठे, किती उंचीवर, कोणत्या दिशेला, विमानात किती जण. ज्या फ्रीक्वेन्सीवर आहेस तिथेच आधी. तिथे कोणी नसेल तर १२१.५, ही आणीबाणीची फ्रीक्वेन्सी. ट्रान्सपाँडरवर आणीबाणीचा कोड ७७००. जीवावरचं नसेल पण मदत लागणार असेल तर पॅन पॅन, तीन वेळा. वाट चुकलास तर तेवढ्यासाठीही पॅन पॅन चालतं, कोणी हसत नाही. रेडिओच मेला तर ७६०० आणि टॉवरकडे नजर: हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतर, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घालत राहा, लुकलुकता लाल म्हणजे इथे उतरू नकोस.

बढतीचं अभिनंदन. तू ते एका ओळीत लिहिलंस म्हणून मीही एकाच ओळीत. सुमीच्या घराचं झालं का काही? आईंना नमस्कार. कॅरमचा स्ट्रायकर माझ्याकडे नाही, हे शेवटचं सांगतो.

पुढच्या उड्डाणाचं रेकॉर्डिंग पाठव, न कापता. इन्स्ट्रक्टर ओरडला तो भाग आधी.

तुझा,
पक्या

ता. क. हेडसेटचे दोन्ही प्लग टक् आवाज होईपर्यंत आत ढकल. तुझा माइकचा अर्धाच बसलेला असणार, ती मधूनमधून येणारी खरखर त्याचीच वाटते.